देवानंद म्हस्के यांचा उजवा गुडघा

समजा, तुम्ही खाटेवर पाय लांब करून बसला आहात आणि तुम्हाला उजवी टाच गादीवरून घासत घासत स्वतःकडे आणायची आहे. काम एवढंच. एरवी हे तुम्ही दिवसातून पन्नास वेळा करता आणि त्याची आठवणही ठेवत नाही. आता असं समजा की गुडघ्याच्या आत हाडाच्या टोकांवर धातूच्या टोप्या बसवल्या आहेत, वरच्या कातडीला सव्वीस पिना मारल्या आहेत, मांडी दुधी भोपळ्याएवढी सुजली आहे, आणि पंजा टॉवेलच्या फासात अडकवून टॉवेलची दोन्ही टोकं तुमच्याच हातात दिली आहेत. ओढा. जिथं थांबावंसं वाटेल तिथं थांबू नका. थोडं पुढं जा, पाच आकडे मोजा, मग सोडा. असं दहा वेळा. असं दिवसातून चार वेळा. आणि हे करताना खोलीत सहा-सात माणसं तुमच्याकडे हळहळत बघत आहेत असंही समजा.

देवानंद म्हस्के यांना हे सहा आठवडे करायचं होतं.

देवानंद एकोणसाठ वर्षांचे. जालन्याच्या एमआयडीसीत एका री-रोलिंग मिलमध्ये एकतीस वर्षं टेस्टिंग रूममध्ये नोकरी. तिथलं त्यांचं काम वाकवण्याचंच होतं. तयार सळईच्या प्रत्येक लॉटमधून एक तुकडा कापून आणायचा, मशीनमध्ये धरायचा, दोन्ही टोकं समोरासमोर येईपर्यंत वाकवायचा आणि बाहेरच्या बाजूला भिंग लावून तडा गेलाय का ते बघायचं. तडा दिसला की लॉट बाजूला. त्यांच्या हिशेबानं आजवर दीड लाखाच्या आसपास तुकडे त्यांनी वाकवले होते. प्रत्येक तुकडा एकशे ऐंशी अंश. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी गुडघा नव्वदपर्यंत आणायचा आहे असं सांगितलं तेव्हा, हे तर निम्मंच झालं, असं त्यांना वाटलं होतं.

ऑपरेशन जालन्यातच झालं. कमरेखालचा भाग बधिर केलेला होता, वरचे देवानंद जागे होते. हिरव्या पडद्याच्या पलीकडून आधी ड्रिलचा आवाज आला, मग करवतीचा, मग हातोडीचा. हातोडी मारणारा तीन ठोके हलके आणि चौथा जोरात मारत होता. ही पद्धत देवानंद यांना पटली. करवत मात्र जड चालत होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी वाकून, भीती वाटते का, असं विचारलं तेव्हा त्यांनी ब्लेड बदलायला झालंय असं सांगितलं. त्यानंतर त्यांना झोपेचं औषध देण्यात आलं.

पाचव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की ऑपरेशनला सहा आठवडे झाले की या, तेव्हा गुडघा नव्वद अंश वाकला पाहिजे आणि जवळजवळ सरळ झाला पाहिजे. नाही झाला तर पुन्हा पूर्ण भूल देऊन आपण तो हातानं वाकवू. देवानंद यांनी विचारलं, हातानं म्हणजे कसा. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी हवेत ऊस मोडल्यासारखं करून दाखवलं. आतले चिकटलेले धागे तुटतात, कडकड आवाज येतो, तो आला म्हणजे काम झालं, असं ते समजावून म्हणाले. मिलमध्ये तसा आवाज आला की लॉट बाजूला ठेवत. देवानंद यांनी तिथंच, व्हीलचेअरवर बसल्या बसल्या ठरवलं की काहीही होवो, या माणसाच्या हातात हा गुडघा झोपेत द्यायचा नाही.

जालन्यातली त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, एकोणीस उंच पायऱ्या चढून. म्हणून त्यांना हसनाबादला, त्यांच्या आईकडे, गिरिजाबाईंकडे आणलं. सोबत बायको ज्योत्स्ना. येताना अक्षता नावाच्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं व्यायामाचा कागद दिला. घोटा वर-खाली, तासाला दहा वेळा. मांडी आवळून धरणं. टॉवेलनं ओढणं. खुर्चीवर बसून पाय लोंबकळत सोडणं. वॉकर घेऊन अंगणात चालणं. कागदाच्या तळाशी तिनं एक ओळ लिहून तिच्याखाली पेनानं दोनदा रेघ मारली होती: गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. का, तर उशी ठेवली की बरं वाटतं. बरं वाटतं म्हणून माणूस ती काढत नाही, आणि अर्धवट वाकलेला गुडघा तसाच धरून बसतो. मग तो पुरता सरळही होत नाही आणि पुरता वाकतही नाही.

देवानंद यांना हे लगेच कळलं. त्यांनी शंभर पानी वही घेतली, रेघा मारल्या, तारीख, वेळ, वाक, सरळपणा असे रकाने केले. दोन लाकडी पट्ट्या आणि कंपासपेटीतला कोनमापक एका बोल्टनं जोडून माप घ्यायचं साधन बनवलं. बोल्ट गुडघ्याच्या बाजूला मधोमध, एक पट्टी कमरेकडे, दुसरी घोट्याकडे. आकडा ज्योत्स्ना वाचायची, ते लिहायचे. घरी आल्या दिवशी बासष्ट. नवव्या दिवशी अडुसष्ट. सरळ रेषेत सुरू होती प्रगती. कागदावर त्यांनी पुढची रेघ आखून बघितली तर बेचाळिसाव्या दिवशी शंभराच्या वर जात होती.

दहाव्या दिवशी कांताबाई भेटायला आल्या.

कांताबाई म्हणजे दोन घरं सोडून राहणारी लांबच्या नात्यातली चुलती. त्या आल्या तेव्हा देवानंद वॉकर घेऊन अंगणात चालत होते. कांताबाई फाटकातच थांबल्या. हातातला ग्लुकोज बिस्किटांचा पुडा त्यांनी पदराआड घेतला.

"बया, हा तं चालून राह्यला," त्या म्हणाल्या. "अन् म्या समजले लई मोठं आप्रेशन झालं."

बिस्किटं त्यांनी दिली, पण बसल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत गावात झालं की देवानंदचं काही नाही, वरवर जरा साफसूफ करून दिलंय, बाकी सगळं दवाखान्याचं नाटक. दुसऱ्या दिवशी मिलमधल्या एका सहकाऱ्याचा फोन आला, की ऐकलं तुम्ही फिरून राह्यले, मंग कधी हजर होता.

गिरिजाबाईंना ही गोष्ट लागली. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. हसनाबादेत कोण आजारी पडलं आणि त्या भेटायला गेल्या नाहीत असं कधी घडलं नव्हतं. कुणाचं मूतखड्याचं, कुणाचं मोतीबिंदूचं, कुणी बैलगाडीवरून पडलेलं. त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या आणि प्रत्येक ठिकाणी आजारी माणूस आडवं होतं. आता त्यांच्या घरी पाळी आली तर माणूस उभं सापडलं.

त्यांनी निर्णय दिला. "लोक येळ काढून येत्यात. त्यांना कोणीतरी निजलेलं दिसाया पाहिजे."

देवानंद म्हणाले की माय, डॉक्टरनं चालायला सांगितलं. गिरिजाबाई म्हणाल्या की डॉक्टर जालन्यात राहतो.

तेव्हापासून पद्धत ठरली. फाटक वाजलं की देवानंद अंगणातून खाटेकडे निघायचे. वॉकरची तेवीस पावलं, पन्नास सेकंद. तेवढा वेळ ज्योत्स्ना पाहुण्यांना हातपाय धुवायला पाणी द्यायची आणि संपलं की आणखी एक तांब्या आणायची. त्या महिन्यात म्हस्क्यांच्या घरी आलेल्या माणसांचे पाय फार स्वच्छ निघाले. आत येईपर्यंत देवानंद चादर पोटावर घेऊन छताकडे बघत असायचे.

कपाशी निघाली होती, गहू कापायला अवकाश होता, लोकांना वेळ होता. जय भीम म्हणत भावकी आली, रामराम म्हणत शेजारची शेतकरी घरं आली, शाळेत बरोबर असलेले आले, वडिलांना ओळखणारे आले. केळी आली, नारळ आले, मोसंबी आली. प्रत्येक जण बसायचा, गुडघ्याकडे बघायचा आणि एकच गोष्ट करायचा. पाय असा मोकळाच का ठेवला, असं म्हणून कोपऱ्यातली लाल अभ्र्याची उशी घ्यायचा, एका हातानं गुडघा अलगद उचलायचा आणि दुसऱ्या हातानं उशी खाली सारायचा. ही रीत सगळ्यांनाच येत होती. कुणी कुणाला शिकवलेली नव्हती. माणसं गेली की ज्योत्स्ना उशी काढायची. पुढची माणसं आली की ती परत जायची.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. देवानंद यांना उशी आवडायची. घरच्या कपाशीची, नीट पिंजलेली उशी. ती खाली गेली की गुडघ्यातली ठणक मागं सरकायची आणि डोळे मिटायचे. अक्षतानं सांगितलं होतं तसंच. म्हणून त्यांनी एकदाही कुणाला नको म्हटलं नाही.

बाराव्या दिवशी वहीत चौऱ्याहत्तर लिहिलेलं आहे. तेराव्या दिवशी एकोणसत्तर. चौदाव्या दिवशी पिना निघायच्या होत्या, त्या ताणत असतील असं कारण धरता आलं. पण एकोणिसाव्या दिवशी पुन्हा चौऱ्याहत्तर झाले आणि विसाव्या दिवशी अडुसष्ट. सरळपणात तर काहीच फरक नव्हता. पाय लांब केला की गुडघ्याखाली तीन बोटं आरपार जात होती, आणि ती जायला नको होती.

मिलमध्ये माप असं खालीवर व्हायला लागलं की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असते. देवानंद यांनी दोन दिवस वेदनेची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतली. दोन दिवस बर्फाची पिशवी लावली. दोन दिवस टॉवेल बदलला, कारण जुना ताणतो अशी त्यांना शंका होती. कोनमापकाचा बोल्ट सैल झालाय का तेही बघितलं. काहीच जुळेना. शेवटी पंचविसाव्या दिवशी त्यांनी वहीत आणखी एक रकाना आखला आणि कोणत्या दिवशी किती माणसं भेटायला आली ते ज्योत्स्नाला विचारून मागचं सगळं भरलं. बाजारच्या दिवशी नऊ. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पाचनं खाली. पुढच्या बाजाराला अकरा माणसं, आकडा सहानं खाली. एक दिवस गावात कुणाचं तरी लग्न होतं म्हणून कुणीच आलं नव्हतं. त्या दिवशी आकडा वर.

त्यांनी वही ज्योत्स्नाला दाखवली. तिनं ती धरली आणि म्हणाली की हे सांगायला रकाना कशाला पाहिजे होता.

सव्विसाव्या दिवशी अक्षताचा व्हिडिओ कॉल आला. ती पंचवीस वर्षांची, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिनं पाय दाखवायला सांगितला. ज्योत्स्नानं मोबाईल खाटेच्या पायथ्याशी नेला.

"काका, गुडघ्याखाली लाल काय दिसतंय?"

"उशी."

"कोणी ठेवली?"

देवानंद यांनी नावं सांगायला सुरुवात केली. पाचव्या नावाला तिनं थांबवलं.

"काका, सोळा दिवस राहिलेत. असंच चाललं तर सर भूल देऊन वाकवणार. आणि मी कागदावर खोटा आकडा लिहिणार नाही."

देवानंद म्हणाले की खोटा लिहावा असं माझंही म्हणणं नाही. फोन बंद झाला. मग ज्योत्स्ना मोसंबी सोलत म्हणाली, "एकतीस वर्षं लोखंड वाकवलं, अन् कांताकाकूला न्हाई म्हणता येईना."

त्यांनी त्यावर उपाय शोधला तो मिलमधला. तिथं संशयाच्या लॉटला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतात, मग त्याला कुणी हात लावत नाही. देवानंद यांनी पुठ्ठा कापला, त्यावर 'तपासणी चालू. हलवू नये.' असं ठळक लिहिलं आणि दोऱ्यानं उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधला. दुपारी कांताबाई पुन्हा आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी विचारून घेतलं. मग उशी घेतली आणि गुडघ्याखाली ठेवली. ज्योत्स्नानं आठवण करून दिली तेव्हा म्हणाल्या की हलवलं कुठं, नुसतं उचललं. चहाची वेळ झाली म्हणून गिरिजाबाई आत आल्या, त्यांची नजर अंगठ्यावर गेली आणि त्यांनी तो दोरा तिथंच तोडला. अंगठ्याला चिठ्ठी कुणाच्या बांधतात ते त्यांना माहीत होतं. पुठ्ठा चुलीत गेला.

दुसऱ्या दिवशी भुजंगमामा आले.

भुजंगमामा म्हणजे गिरिजाबाईंचे धाकटे भाऊ, शहात्तर वर्षांचे, धावडा गावचे. त्यांचेही दोन्ही गुडघे कधीचे गेलेले. उभे राहिले की दोन पायांमधून भोपळा निघून जाईल एवढी फट. मुलानं जीपनं आणून सोडलं, पण फाटकापासून खाटेपर्यंत यायला त्यांना एवढा वेळ लागला की देवानंद यांना आडवं व्हायची घाई करावी लागली नाही. गिरिजाबाईंनी भावासाठी नवी चादर टाकली होती. उशी आधीच गुडघ्याखाली होती. मामांसाठी खुर्ची आणली, त्यांनी बसायच्या आधी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि स्वतःला हळूहळू खाली सोडलं.

ख्यालीखुशाली झाली. मामांनी गुडघ्याची शिवण बघितली, बोटानं लांबी मापली. मग म्हणाले, "देवा, म्या काय नुसता भेटाया न्हाई आलो. माझे बी दोन्ही करायचं म्हणून राह्यले पोरं. करू का नको, हे तुला बघून ठरवणार हाय."

देवानंद यांनी स्वतःकडे बघितलं. नवी चादर, पोटावर हात, गुडघ्याखाली उशी, सत्तावीस दिवसांनंतर एकाहत्तर अंश. एका लॉटचा निकाल एका तुकड्यावर लागतो. मामांच्या दोन गुडघ्यांसाठी तुकडा म्हणून त्यांना समोर ठेवलं होतं, आणि तो तुकडा असा पडून होता.

ते उठून बसले. उशी ओढून काढली आणि खाटेखाली टाकली.

"देवा, मामा आल्यात," गिरिजाबाई दारातून म्हणाल्या.

"म्हणूनच," देवानंद म्हणाले. "ज्योत्स्ना, टॉवेल दे."

गिरिजाबाई दारातून वळल्या. त्या आत गेल्या आणि मग आतून भांडी बोलायला लागली. देवानंद यांनी पंजा फासात अडकवला आणि टॉवेलचं एक टोक मामांच्या हातात दिलं. दुसरं स्वतः धरलं. मी ‘ओढा’ म्हणालो की ओढायचं, ‘बस’ म्हणालो की थांबायचं, मग पाच मोजायचे, असं समजावून सांगितलं. मामांनी आयुष्यभर दावणीला बैल बांधले होते, त्यांची मूठ अजून शाबूत होती.

पहिल्याच ओढीला देवानंद बस म्हणाले.

"दुखतं का?" मामांनी विचारलं.

"लई."

"कुठवर जायचं?"

"नव्वद."

"अन् आत्ता किती?"

ज्योत्स्नानं पट्ट्या लावल्या. बहात्तर, ती म्हणाली.

"मंग बस कसं म्हणतो?" मामा म्हणाले, आणि त्यांनी ओढलं.

देवानंद ओरडले. ते ओरडणं फाटकाबाहेर गेलं, कांताबाईंच्या ओट्यापर्यंत गेलं. मामांनी पाच मोजले. ते आकडे फार सावकाश मोजत, एकेक आकडा नीट बघून घेतल्यासारखा. असं दहा वेळा झालं. शेवटी पंच्याहत्तर आले. मामांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले की एवढ्या वेळा लोकांना भेटाया गेल्तो, चहा पिऊन आल्तो, घाम कुठं आला नव्हता. जाताना त्यांनी निकाल दिला नाही. सहा आठवड्यांचा आकडा कळव, मग सांगतो, एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर मामा स्टँडवर मुलाची जीप थांबवून बसले होते. तिथं त्यांनी जे सांगितलं ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं. देवानंदचं ऑपरेशन फार मोठं आहे. माणूस बैलासारखा ओरडतो. आपण स्वतः धरलं, आपल्या डोळ्यांनी बघितलं, असं दुखणं शत्रूलाही नको. कांताबाई दिवेलागणीच्या आधीच परत आल्या. या वेळी मोसंबी घेऊन. देवानंद यांनी त्यांच्या हातात टॉवेल दिला. त्यांनी ओढलं, देवानंद ओरडले, कांताबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाहेर जाताना गिरिजाबाईंचा हात धरून त्या म्हणाल्या की माझं चुकलं, मला वाटलं काही न्हाई त्याला.

गिरिजाबाईंनी रात्रीच्या जेवणाला देवानंद यांना गरम भाकरी वाढली. म्हणजे विषय मिटला होता. लोकांना आजारी माणूस बघायचा होता. आडवा पडलेला त्यांना पुरत होता, पण ओरडणारा त्याहून बरा होता, हे त्यांनी ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून व्यवस्था हातात घेतली. आलेल्या माणसाला आधी पाणी, मग टॉवेल. दोघं असतील तर एकानं ओढायचं, दुसऱ्यानं मोजायचं. उशी त्यांनी स्वतःच्या डोक्याखाली नेली, म्हणजे ती मागायची कुणाची हिंमत झाली नाही. अंश म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, पण कालच्यापेक्षा आज जास्त पाहिजे एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. कांताबाईंचं वजन जास्त, त्या ओढताना अंगानं मागं जात, म्हणून त्यांना दिवसात एकच पाळी देण्यात आली. त्यावर त्या दोन दिवस रुसल्या.

वहीत तिसाव्या दिवशी अठ्ठ्याहत्तर आहे. तेहेतिसाव्या दिवशी ब्याऐंशी. मग चार दिवस तोच आकडा, कारण गुडघा सुजला आणि अक्षतानं ओढणाऱ्यांची संख्या निम्मी करायला लावली. त्या चार दिवसांत देवानंद यांनी जेवण कमी केलं आणि बोलणंही. खोलीत कुणी काही मोडलं, अगदी बिस्कीट जरी मोडलं, तरी ते तिकडे बघायचे. एकदा कोनमापकावर त्र्याऐंशी की चौऱ्याऐंशी यावरून भेटायला आलेल्या दोन माणसांत वाद झाला आणि ते दोघं एकमेकांशी न बोलता गेले. चाळिसाव्या दिवशी सत्त्याऐंशी. एक्केचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी, सगळ्या पाळ्या झाल्यावर, एकोणनव्वद. गुडघ्याखाली आता एकच बोट जात होतं.

बेचाळिसाव्या दिवशी अकराची वेळ होती. शेजारच्या राधेश्यामची व्हॅन सांगितलेली. देवानंद मागच्या सीटवर बसले आणि हसनाबादपासून जालन्यापर्यंत टाच सीटखाली सारत राहिले. गतिरोधक आला की गुडघा आपोआप दोन अंश जास्त जायचा, म्हणून त्यांनी राधेश्यामला गतिरोधक चुकवू नको असं सांगितलं. हॉस्पिटलच्या आवारात पोचल्यावरही ते लगेच उतरले नाहीत. ज्योत्स्नानं घरून आणलेल्या गरम पाण्याच्या पिशवीनं दहा मिनिटं गुडघा शेकला. मग राधेश्यामला मागं बोलावलं आणि त्याच्या हातात टॉवेल दिला. राधेश्याम म्हणाला की काका, भाड्यात हे नव्हतं. पण त्यानं ओढलं. आवारातल्या सिक्युरिटीनं येऊन काही मदत पाहिजे का विचारलं.

आत डॉक्टरांनी गुडघा वाकवला, अक्षतानं स्टीलच्या कोनमापकानं मोजला. ब्याण्णव. सरळ व्हायला चार अंश कमी. डॉक्टर खूश झाले. भूलबील काही नको, असंच चालू ठेवा, दीड महिन्यानं दाखवा, असं म्हणून त्यांनी कागदावर ब्याण्णव लिहिलं आणि सही केली. देवानंद यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, मग काढून पुन्हा बघितला, मग पुन्हा ठेवला. येताना तिघांनी पोहे खाल्ले. ज्योत्स्ना सगळा रस्ता झोपली. सहा आठवड्यांत ती अशी पहिल्यांदाच झोपली होती.

त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी देवानंद उठले. शेक नाही, टॉवेल नाही, चहाही नाही. खाटेवर बसल्या बसल्या टाच ओढली आणि ज्योत्स्नाला पट्ट्या लावायला सांगितलं.

एक्याऐंशी, ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. एक्याऐंशीच. त्यांनी वही घेतली, दोन्ही आकडे वेळेसकट लिहिले आणि निकालाचा रकाना कोरा ठेवला.

टेस्टिंग रूमचा एक नियम आहे. तुकडा खोलीच्या तापमानाला आलेला असला पाहिजे. गरम तुकडा लवकर वाकतो, तडा लपवतो. एकतीस वर्षांत कितीतरी सुपरवायझरांनी घाईघाईत भट्टीजवळचा ऊनऊन तुकडा आणून टेबलावर ठेवला होता आणि देवानंद यांनी तो हात न लावता परत पाठवला होता. काल त्यांनी स्वतः व्हॅनमध्ये शेकलेला, रस्ताभर वाकवलेला गुडघा टेबलावर ठेवला होता आणि पास करून आणला होता.

नऊ वाजता मामांचा फोन आला. किती भरला, त्यांनी विचारलं. पोरं दवाखान्याची तारीख घ्यायला बसलीत, म्हणाले. देवानंद म्हणाले की मामा, दुपारी सांगतो. मामा म्हणाले की एका आकड्याला दुपार कशाला पाहिजे.

मग त्यांनी अक्षताला फोन केला आणि व्हॅनमधलं सगळं सांगितलं. ती हसली. काका, सगळे पेशंट असंच करतात, सकाळी गुडघा जड असतोच, म्हणाली. देवानंद यांचं समाधान झालं नाही. सगळे असंच करतात, हे तर ते सुपरवायझरही म्हणायचे.

दुपारी त्यांनी डॉक्टरांना मोबाईलवर मेसेज लिहिला. दोनदा खोडला, तिसऱ्यांदा पाठवला. दोन निळ्या रेघा लगेच आल्या, उत्तर आलं नाही. मेसेज असा होता: सर, काल अकरा वाजता ब्याण्णव, आज सकाळी एक्याऐंशी. दोन्ही मापं बरोबर घेतलेली आहेत. माझे मामा या आकड्यावर दोन गुडघ्यांचा निर्णय करणार आहेत. यातला माझा गुडघा कोणता धरायचा?